येथे ‘बरं आहे’ म्हणू नये

डॉक्टर वामन देवस्थळी गेल्यानंतर शिरूरला एका पतसंस्थेच्या सभागृहात त्यांची शोकसभा झाली. अध्यक्षस्थानी पतसंस्थेचे चेअरमन बबनराव होते. बबनराव म्हणाले, डॉक्टर लोण्याहून मऊ होते. पेशंट त्यांना देव मानत, पेढे आणत, आणि डॉक्टरही ते पेढे लहान मुलासारखे आवडीने खात. सभा गहिवरली. मी उठून उभा राहिलो आणि हे खोटे आहे असे म्हणालो. मला खाली बसवण्यात आले. ‘वकीलसाहेबांचं आता वय झालंय’ असे कोणीतरी माईकवरून सांगितलेही.

माझे वय झाले आहे हे खरे. त्याने बबनरावांचे विधान खरे ठरत नाही. देवस्थळींनी पेशंटच्या घरचा पेढा आयुष्यात एकदाच खाल्ला. तो कुठे, कोणाच्या हातचा आणि कसा खाल्ला, हे मी त्यांच्या शेजारी उभा राहून पाहिले आहे.

बबनरावांची हकीकत ही एक झाली. दौंडकडच्या गावांत दुसरी हकीकत चालते, की या माणसाने औषध कंपनीचे पैसे घेऊन गोरगरिबांचे उंदीर केले. पुण्यातले तरुण डॉक्टर तिसरीच सांगतात : देवस्थळींचे औषध-चाचणीचे केंद्र बंद पडले, कारण त्यांच्याकडच्या रक्ताच्या तपासण्या खोट्या निघाल्या, म्हातारा निष्काळजी होता. या तिन्ही हकीकती मला अमान्य आहेत. देवस्थळी मऊ नव्हते. ते लबाड नव्हते. निष्काळजी तर मुळीच नव्हते. ते क्रूर होते, आणि ज्यांना त्यांचे भले चिंतायचे आहे त्यांनी आधी हे कबूल केले पाहिजे.

मी उभा जन्म शिरूरच्या कोर्टात वकिली केली. ऐकीव पुरावा आणि डोळ्यांनी पाहिलेला पुरावा यांतला फरक मला कोणी शिकवू नये. नव्वदीचे दशक संपत आले तेव्हा देवस्थळींच्या दवाखान्यात स्किझोफ्रेनियावरच्या एका नव्या गोळीची चाचणी सुरू झाली. या आजारात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, घरचीच माणसे वैरी वाटू लागतात, आणि जुन्या औषधांनी काहींना काडीचाही गुण येत नाही. नव्या गोळीला अजून नाव नव्हते, नुसता आकडा होता. तिने गुण येतो हे दुसरीकडे पाहून झाले होते. आमच्याकडे पाहायचे होते ते एवढेच, की ती दीर्घकाळ घेतली तर माणसाला सोसते का. नियम असा, की लिहिता-वाचता न येणारा पेशंट संमतीचा अंगठा उठवतो तेव्हा कंपनीचा नव्हे, डॉक्टरांचा नव्हे, पेशंटच्या नात्यातलाही नव्हे असा एक तिऱ्हाईत साक्षीदार समोर हवा. देवस्थळी माझ्या घरी आले आणि म्हणाले, “तुम्ही कोणाचंच भलं चिंतत नाही अशी तुमची ख्याती आहे. मला असाच माणूस हवा.” मी हो म्हणालो. दर गुरुवारी त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात माझी खुर्ची पडू लागली. पुढचे सारे मी त्या खुर्चीवरून पाहिले.

उंच, वाळका माणूस. पांढरा बुशशर्ट, वरच्या खिशात पेनासारखी लहान बॅटरी. पेशंट स्टुलावर, नातेवाईक भिंतीला आणि देवस्थळी स्वतः उभे, ही त्यांची बैठक. ते कोणालाही अरे-तुरे करत नसत. अपमान करताना तर नाहीच. मेंढरांमागचा पोरगा असो की कारखान्यातला फिटर, सगळ्यांना ‘तुम्ही’. जो शब्द जास्त लागायचा असे, तो ते जास्त आदराने उच्चारत. टेबलाच्या मागे भिंतीवर त्यांनी एक पाटी रंगवून घेतली होती : ‘येथे “बरं आहे” म्हणू नये.’

पाटीला लोक हसत. तिची गरज ज्याला कळली नाही त्याला आमचा मुलूख कळला नाही. आमच्याकडे ‘बरं हाय’ हे उत्तर नसून तो रिवाज आहे. पाय मोडून खाटेवर पडलेला माणूसही, कसं काय म्हणून विचारले, तर आधी ‘बरं हाय’ म्हणतो. त्यातून डॉक्टर मोठा, गोळी फुकट, बसायला पंख्याखाली जागा. तिथे तक्रार करणे म्हणजे जेवून उठताना आमटी खारट होती असे यजमानाला ऐकवणे. पण चाचणीच होती ती तक्रारींची. पेशंट ‘बरं हाय’ म्हणाला की गोळी निर्दोष ठरणार, आणि मग ती देशभर जाणार.

तळेगाव ढमढेऱ्याचे एक वयस्क शेतकरी आले. देवस्थळींनी विचारले, काय त्रास? म्हातारा हात जोडून म्हणाला, “बरं हाय, डाक्टर. तुमच्या किरपेनं.”

“बाहेर जा,” देवस्थळी म्हणाले. “पाटी वाचता येत नसेल तर कोणाकडून वाचून घ्या. काय बरं नाही ते आठवलं की आत या.”

म्हातारा बराच वेळ पायरीवर उन्हात बसला. आत आला तेव्हा त्याचे नाक लाल झाले होते. “तोंडाला सारखं पानी सुटतंय. रातचं उशी भिजती. आन् तुमी लई वंगाळ मानूस हाय.”

देवस्थळी नर्सकडे वळून म्हणाले, “दोन्ही लिहून घ्या.”

हा प्रसंग लोक हसत सांगतात. दुसरा कोणी सांगत नाही. शिक्रापूरला भाड्याच्या खोलीत राहणारा, एका कारखान्यात पाळीने जाणारा एक तरुण होता. वर्षभरापूर्वी लग्न झालेले. सोबत बायको आणि आई. देवस्थळींनी त्या दोघींसमोर, नर्ससमोर आणि माझ्यासमोर त्याला विचारले, “पत्नीजवळ जाता का? जाणं जमतं का?” आई उठून बाहेर गेली. बायकोने पदर तोंडावर ओढला. पोरगा म्हणाला, “न्हाई जमत. झालं समाधान?”

“झालं. गोळी सुरू झाल्यापासून, की आधीपासून?”

मी नंतर त्यांना म्हणालो, की हे एकांतात विचारता आले असते. देवस्थळी म्हणाले, “एकांतात हे लोक माझी लाज राखतात, वकीलसाहेब. चारचौघांत त्यांना राग येतो. रागात माणूस खरं बोलतो.” मला ते तेव्हा पटले नाही, आजही पटत नाही. ती बायको त्या दवाखान्यात पुन्हा आली नाही. पोरगा एकटाच येत राहिला. खाली मान घालून यायचा आणि विचारलेल्या सगळ्याची खरी उत्तरे द्यायचा.

आणि पेढे. मुलाला झोप लागू लागली, सुनेने चूल पेटवली, की घरचे लोक पेढ्यांचा पुडा घेऊन येत. देवस्थळी पुडा घेत, दारापर्यंत जात आणि देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत पायरीवरच्या कुत्र्यापुढे ठेवत. पेढे खाऊन ते कुत्रे पुढे खरजेने भरले. एका बाईने पुडा परत मागितला, तेव्हा देवस्थळी तिला म्हणाले, “ज्याने पेढा दिला तो पुढच्या महिन्यात तक्रार करत नाही. मला तुमची तक्रार हवी आहे, बाई. गोड तोंड नको.” बबनराव, हा तुमचा पेढे खाणारा डॉक्टर.

कंपनीचा माणूस मुंबईहून यायचा, टाय लावलेला, अगदी नम्र. त्याने एकदा विचारले, “सर, बाकी सगळ्या सेंटरवर पेशंट खूश आहेत. तुमच्याकडेच इतक्या तक्रारी कशा?”

“कारण बाकी सेंटरवर डॉक्टर खूश आहेत,” देवस्थळी म्हणाले.

पैसे त्यांनी घेतले. चाचणीचे मानधन येई ते घेतले आणि त्यातून दवाखान्यावर मजला चढवला. मी ते लपवत नाही, त्यांनीही लपवले नाही. उंदीर करण्याचा आरोप जे करतात त्यांना मी एवढेच विचारतो, की उंदराला कोणी आधी ‘नाही’ म्हणायला शिकवतो का?

कारण देवस्थळींचा नियम होता, की पेशंटने एकदा ‘नाही’ म्हटल्याशिवाय त्याचे ‘हो’ धरायचे नाही. हा नियम कंपनीच्या कुठल्याही कागदावर नव्हता, तो त्यांचा स्वतःचा. बबनराव तेव्हा चेअरमन नव्हते, पण गावात त्यांचा शब्द चाले. ते आपल्या मुलीला, नंदाला, घेऊन आले. नंदा कॉलेज सोडून दोन वर्षे माडीवर कोंडल्यासारखी बसली होती. बबनराव म्हणाले, “मी सांगतो ना. कुठं सही पायजे तिथं करील ती.”

देवस्थळी म्हणाले, “आपण थोर आहात. आपण बाहेर बसा.” असे बबनरावांशी कोणी बोलत नसे. ते बाहेर गेले. देवस्थळी नंदाला म्हणाले, “ही गोळी तुम्हाला मारूही शकते. मला एकदा ‘नाही’ म्हणून दाखवा.” मुलीने दाराकडे पाहिले. ती म्हणाली, “नाही.” आणि मग अगदी स्पष्ट, “नकोच.” देवस्थळींनी दार उघडून बबनरावांना सांगितले, “आपल्या मुलीने नकार दिला आहे. घेऊन जा.” दवाखान्यात बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकले. पुढे महिन्याभराने नंदा एकटी एसटीने आली आणि हो म्हणाली. तिला गुण आला. तिचे लग्नही ठरले. एवढे लिहून तिची गोष्ट मी इथे थांबवतो. तिचे पुढचे एक वाक्य खाली येईल.

आता बिरा. पाटसच्या पुढे, रस्त्यापासून आत, त्यांची वस्ती. एकेकाळी सबंध घर मेंढरांमागे कोकणापर्यंत उतरायचे. आता थोडी जमीन, थोडा ऊस आणि उरलेली मेंढरे. घरात आई सरूबाई आणि दोन मुलगे. थोरला धुळा, धाकटा बिरा. बिराच्या कानात माणसे बोलत. तो दोन्ही कानांत बोटे घालून पाटाच्या कडेला बसे, आणि एकदा आवाजांच्या सांगण्यावरून पाटात उतरला, तेव्हापासून घरच्यांनी त्याला साखळीने बाभळीला बांधायला सुरुवात केली. तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या घोट्याभोवती कातडे काळे, गुळगुळीत झाले होते. देवस्थळींनी वाकून ते बॅटरीने पाहिले आणि सरूबाईला विचारले, “कुलूप चांगलं दिसतंय. कुठे घेतलंत?”

सरूबाई म्हणाली, “दौंडच्या बाजारात.” तिने मान खाली घातली नाही. “तुमच्याकडं किल्ली आसली तर काडा.”

‘नाही’ म्हणून दाखवायची बिराची पाळी आली. तो जमिनीकडे पाहत बसला. धुळा म्हणाला, “म्हन की लेका, न्हाई.” देवस्थळींनी धुळाला गप्प केले. मग बिरा म्हणाला, “न्हाई. न्हाई खात म्या.”

“छान. मग आता का खाणार?”

“आई रडती.”

“आई रडते हे कारण नव्हे. घरी जा.”

त्यांना तसेच परत पाठवले. शिरूर ते पाटस म्हणजे आधी न्हावऱ्याची गाडी, मग चौफुल्याहून जीप. पुढच्या गुरुवारी ते तिघे पुन्हा आले. बिरा उभ्याउभ्याच म्हणाला, “कानात लई बोलत्यात. त्यास्नी गप करा.” देवस्थळी म्हणाले, “हे कारण झालं.” अंगठा उठला. मी साक्षीची सही केली.

गोळीने ते केले. मी औषधांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे, पण जे पाहिले ते पाहिले. काही महिन्यांत बिरा स्टुलावर ताठ बसू लागला. मेंढरांमागे जाऊ लागला. कोणती मेंढी व्यायला झाली आहे, कोणता लांडगा कुठवर येतो, हे तो देवस्थळींना सांगू लागला. साखळीचे काय केले असे त्यांनी सरूबाईला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “शेळीच्या गळ्यात घातली. शेळी लई वढाळ हाय.” त्या दिवशी ती हसली. पेढे मात्र तिने कधी आणले नाहीत. कुत्र्याची गोष्ट तिला ठाऊक होती.

गोळीची एक खोड माहीत होती. शंभरात एखाद्याच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ती खाऊन टाकी. तसे झाले, तर घशाच्या साध्या दुखण्यानेही माणूस मरू शकतो. म्हणून दर आठवड्याला रक्त. प्रत्येकाने दर आठवड्याला शिरूर गाठणे अशक्य. म्हणून दौंडकडच्या पेशंटांचे रक्त दौंडच्याच एका लॅबमध्ये घेत, आणि देवस्थळी पेशंटला महिन्यातून एकदा पाहत. हे सगळे त्यांनी अंगठा घेताना सांगितले होते. मी साक्षीदार आहे. मराठीत, सोप्या शब्दांत, दोनदा सांगितले होते. तिघांनी माना डोलावल्या होत्या.

एप्रिलमधला गुरुवार होता. पंखा गरम वारा फेकत होता, आणि बिरा घोंगडे पांघरून बसला होता. लॅबचा ताजा रिपोर्ट टेबलावर होता. त्यात पांढऱ्या पेशी उत्तम. देवस्थळींनी पाण्याचा पेला बिरापुढे धरला. “प्या.”

“त्याचा उपास हाय,” सरूबाई म्हणाली.

“पाण्याचा?”

“ऊन लागलंय त्याला. बाकी बरं हाय.”

“सरूबाई, आपण खोटं बोलता आहात,” देवस्थळी म्हणाले. “बिरा, गिळा.”

बिराने घोट तोंडात घेतला आणि तो ओठांच्या कडेने परत बाहेर आला. देवस्थळींनी बॅटरी लावून त्याचे तोंड उघडले. मला कोपऱ्यातूनही दिसले : घशात पांढरे चट्टे. त्यांनी कपाळाला हात लावला, मग तो रिपोर्ट उचलून बिराच्या चेहऱ्याशेजारी धरला आणि एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिले.

“हे रक्त कोणाचं आहे?”

धुळाने आईकडे पाहिले. सरूबाई म्हणाली, “घरचंच हाय, डाक्टर. परक्याचं न्हाई.”

धुळा पुढे आला. त्याच्या आवाजात भीती नव्हती, समजूत घालण्याचा सूर होता. “बिरा मेंढरामागं आसतो. त्याला दर बाजाराला दौंडला कशाला न्यायचं? मी भाजी घिऊन जातोच की. गोळ्या फुकट देता, तवा त्याच्या बदली कंपनी रगत घेती. घराकडनं रगत गेल्याशी मतलब. माझं घेतलं काय आन् त्याचं घेतलं काय.”

पुढे कंपनीने याला फसवणूक म्हटले. मी वकील म्हणून सांगतो, ही फसवणूक नव्हती. आमच्याकडे पाटाच्या पाण्याची पाळी असते. पाळीला घरातला कोणीही गडी उभा राहिला, की घराची पाळी भरली. देणे घराचे असते, माणसाचे नव्हे. या लोकांनी रक्त हे देणे समजून घराच्या वतीने, चोख, एकही आठवडा न चुकवता भरले होते. देवस्थळी मला नंतर म्हणाले, “रक्त कशासाठी हे मी त्यांना सांगितलं. रक्त कशासाठी असं त्यांना वाटतं, हे कधी विचारलं नाही.” त्यांच्या तोंडून स्वतःविरुद्ध निघालेले हे एकच वाक्य मला आठवते.

त्या खोलीत मात्र ते धुळाला म्हणाले, “तुमचं रक्त उत्तम आहे. अभिनंदन. शंभर वर्षं जगाल.” आणि बिराचे रक्त त्यांनी स्वतः काढले.

शिरूरच्याच लॅबमधून आकडा यायला दुपार झाली. देवस्थळींनी तो वाचून कागद खिशात घातला आणि गोळ्यांची डबी सरूबाईच्या पिशवीतून काढून घेतली.

ताप आलेला, थरथरणारा बिरा स्टुलावरून उठला. “न्हाई,” तो म्हणाला.

“गोळी बंद. आत्ता पुण्याला जायचं, मोठ्या दवाखान्यात.”

“पुन्याला येतो. गोळी द्या. न्हाई सोडनार म्या.” त्याचा घसा फाटत होता, शब्द नीट निघत नव्हते. “तुमीच शिकिवलं न्हाई म्हनायला. आता म्हनतोय. ती परत बोलाय लागत्याल. त्यापरीस मेलेलं बरं.”

“आणखी काही दिवस घेतलीत तर मराल.”

“माझं मरान हाय. घ्या माझा आंगठा.” त्याने खरोखरच अंगठा पुढे केला. माझ्याकडे पाहिले. “वकीलसाहेब, लिवा.”

देवस्थळी म्हणाले, “अंगठा घेतला तेव्हा ‘नाही’ म्हणायचा अधिकार तुमचा होता. आज तो माझा आहे. आपण रागवा माझ्यावर. तेवढं करता येईल आपल्याला.”

सरूबाईने त्यांचे पाय धरले. ताप तिनेच लपवला होता, हे तिने त्या पायांपाशी सांगितले. पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, पण तुम्ही गोळी बंद कराल हेही ठाऊक होते. देवस्थळींनी पाय सोडवून घेतले आणि जीप बोलावली.

बिरा जगला. पुण्याहून परत आला तेव्हा ताप गेला होता आणि आवाज परत आले होते. जुनी इंजेक्शने दिली. त्यांचा आधीही उपयोग नव्हता. नव्या गोळीच्या जातीचे दुसरे एक औषध होते, तेही रक्तावरच जाणारे. ते त्याला आता आयुष्यात देता येणार नव्हते.

कंपनीचा माणूस आला. तो म्हणाला, “सर, एक केस आहे. ती बाजूला काढू, बाकी सेंटर चालू ठेवू.”

“एका घराने केलं ते एकाच घराने केलं, हे कशावरून?” देवस्थळींनी सगळ्यांना बोलावले आणि आपल्या पद्धतीने, चारचौघांत, एकेकाला विचारले. आणखी दोन घरांनी, सांगताना काही वावगे सांगतो आहोत असे न वाटता, तेच सांगितले. एकाकडून तर चुलता जात होता. देवस्थळींनी कंपनीला कळवले, की माझ्या केंद्रातले रक्ताचे सगळे निकाल रद्द समजा, एकही धरू नका. पुण्यातल्या तरुण डॉक्टरांनी हे ऐकून ठेवावे : तपासण्या खोट्या निघाल्या नाहीत, देवस्थळींनी त्या खोट्या ठरवल्या. केंद्र बंद झाले. ज्यांचे रक्त खरे होते आणि ज्यांना गोळी सोसत होती, त्या सगळ्यांची गोळीही त्याच दिवशी बंद झाली. ती बाजारात मिळत नव्हती. दुसरीकडून आणण्याचा मार्ग नव्हता.

लोक दवाखान्यापुढे येऊन बसले. दोन दिवस बसले. देवस्थळी त्यांच्यामधून वाट काढत जात-येत राहिले. कोणाला एक शब्द समजुतीचा बोलले नाहीत. नंदा आली होती. तिने फक्त विचारले, “माझं रक्त माझंच होतं ना, डॉक्टर?” ते म्हणाले, “होतं.” ती निघून गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या नावाच्या पाटीला शेण फासलेले होते. ते फासणारे गडी बबनरावांचे होते, हे सगळ्या शिरूरला माहीत आहे. मी त्याबद्दल बबनरावांना दोष देत नाही. मुलीचा बाप होता, दुसरे काय करणार. पण त्याच तोंडाने लोण्याची उपमा देऊ नये. शोकसभेत त्यांनी मुलीचे नाव घेतले नाही. मीही पुढे काही लिहीत नाही.

देवस्थळींनी पाटी धुतली नाही. शेण वाळून आपोआप गळून पडले. वर्षा-दोन वर्षांत त्यांनी दवाखाना बंद केला.

त्यानंतर काही वर्षांनी, दिवाळी झाल्यावर, ते सकाळीच माझ्याकडे आले. केस पूर्ण पांढरे झाले होते, काठी आली होती. “पाटसला जायचं आहे. साक्षीदार हवा,” एवढेच म्हणाले. आम्ही एसटीने न्हावऱ्याहून चौफुल्याला उतरलो, तिथून जीप केली. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्यांनी रस्ता अडला होता. वस्तीपर्यंतचे अंतर त्यांनी काठी टेकत कापले.

सरूबाई अंगणात शेंगा वाळत घालत होती. तिने आम्हाला ओळखले. खाट टाकली, पाणी दिले. देवस्थळी बसले नाहीत. गोठ्याशी एक शेळी बांधलेली होती, सुंभाच्या दोरीने. मी ती दोरी पाहिली आणि देवस्थळींनीही पाहिली. बाभळीच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, बिरा बसला होता. दोन्ही कानांत बोटे. दाढी छातीपर्यंत आलेली. आमच्या आवाजाने तो वळला नाही.

“बिरा कसे आहेत?” देवस्थळींनी विचारले.

सरूबाईने शेंगा पसरणे थांबवले. “बरं हाय,” ती म्हणाली.

“झोप लागते?”

“बरं हाय.”

“जेवतात?”

“बरं हाय. तुमच्या किरपेनं समदं बरं हाय, डाक्टर.”

देवस्थळी काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. ज्या माणसाने एका शब्दासाठी म्हाताऱ्यांना उन्हात बसवले, त्याच्या तोंडावर ती बाई तोच शब्द एकेक करून, आदराने ठेवत होती. कोणाकडून शिकली होती, हे मी सांगायला नको.

ती आत गेली आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यावर एक पेढा घेऊन आली. “धुळाला पोरगा झालाय. घ्या.” देवस्थळींनी हात पुढे केला नाही. तशी ती म्हणाली, “घ्या की. चांगल्या रगताचा हाय. तुमीच म्हनला हुता.”

मी आजूबाजूला पाहिले. अंगणात कुत्रे होते. खाटेखाली, पाय पसरून. सरूबाईनेही त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा देवस्थळींकडे.

देवस्थळींनी पेढा घेतला. त्यांनी तो मोडला नाही, अर्धा मला दिला नाही. सबंध तोंडात घातला आणि उभ्यानेच, दातांची पडझड झालेली असल्यामुळे फार हळू, खाल्ला. भिंतीपाशी बिरा कोणाशी तरी खालच्या आवाजात बोलू लागला होता. देवस्थळी शेवटचा घास गिळेपर्यंत सरूबाई पुढ्यात उभी राहून त्यांच्या गळ्याकडे पाहत राहिली.

“कसा हाय?” तिने विचारले.

देवस्थळी म्हणाले, “बरा आहे.”